कानातला आवाज आणि कमी ऐकू येणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दोन्ही कानांत गेली अनेक वर्षे रातकिड्यांसारखा आवाज अखंड चालू आहे आणि उंच पट्टीचे बरेचसे आवाज मला श्रवणयंत्राशिवाय ऐकू येत नाहीत. सुरुवातीच्या काळात जे प्रश्न मला पडले आणि पुढे याच त्रासातल्या इतर माणसांनी मला जे विचारले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. हे वाचून तपासणी टाळू नये. तपासणीला जाताना काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे कळावे म्हणून ते लिहिले आहे.

कानात आवाज येणे म्हणजे नेमके काय? हा आजार आहे का?

बाहेर कोणताही आवाज नसताना तो ऐकू येणे याला वैद्यकीय भाषेत टिनिटस म्हणतात. मराठीत कर्णनाद हा शब्दही वापरतात. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला वाफ सुटल्यासारखा फुसफुसाट, तर कुणाला लांबवर यंत्र चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. आवाज एका कानात, दोन्ही कानांत किंवा डोक्याच्या आत मधोमध असल्यासारखा वाटतो. हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याच्यामागे थोडाफार श्रवणदोष असतो.

ज्यांना वेड लागल्याची भीती वाटते, त्यांना मी नेहमी एक जुना प्रयोग सांगतो. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या 80 माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या सुमारे 94 टक्के लोकांना थोड्याच वेळात कसले ना कसले आवाज ऐकू येऊ लागले. पूर्ण शांततेत मेंदूची श्रवणयंत्रणा कधीच स्वस्थ बसत नाही. आपल्या बाबतीत तिची ती कुजबुज इतकी वाढलेली असते की ती गोंगाटातही ऐकू येते.

बाहेर आवाजच नसेल, तर मेंदूला तो ऐकू कसा येतो?

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात जन्मतः साधारण 15 हजार केसपेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करून ते श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे पाठवतात. वाढते वय, मोठे आवाज, काही औषधे किंवा संसर्ग यांमुळे या पेशी मेल्या, तर पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. ज्या पट्टीच्या पेशी गेल्या, त्या पट्टीचे संदेश मेंदूला मिळेनासे होतात. मग मेंदू ती उणीव भरून काढण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवतो. स्टेशन नीट लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवत न्यावा आणि गाण्याऐवजी नुसती खरखरच मोठी व्हावी, तसे ते होते. आज बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात ते स्पष्टीकरण हेच. कानातल्या आवाजाची पट्टी बहुधा ऐकणे जिथे कमी झाले आहे त्याच पट्टीच्या आसपास सापडते, हेही या स्पष्टीकरणाशी जुळते.

माझी श्रवणचाचणी उत्तम आली आहे. मग आवाज का येतो?

नेहमीची चाचणी 8000 हर्ट्झच्या पट्टीपर्यंतच होते (हर्ट्झ हे सुराची पट्टी मोजण्याचे एकक). त्याच्या वरच्या पट्ट्यांतील नुकसान तिच्यात दिसत नाही. शिवाय जबड्याचा सांधा आणि मानेचे स्नायू यांचाही या आवाजाशी संबंध असतो. दात आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाज बदलत असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे?

एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. या पृष्ठावरचे एकच उत्तर लक्षात राहणार असेल, तर ते हे राहावे अशी माझी इच्छा आहे. सकाळी उठल्यावर एक कान दडा बसल्यासारखा वाटतो, मनुष्य ते सर्दीवर किंवा मळावर ढकलतो, घरगुती उपाय करत आठवडा घालवतो आणि तेवढ्यात उपचाराची सर्वांत चांगली वेळ निघून जाते. आतल्या कानाच्या अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार दिले जातात आणि त्यांचा फायदा होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही सुरुवातीच्या दिवसांत, अधिक असते.

नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज आला, तर रक्तवाहिन्यांची तपासणी करावी लागते. आवाज फक्त एकाच कानात असेल किंवा एका कानाने स्पष्टपणे कमी ऐकू येत असेल, तर बहुधा एमआरआय करायला सांगतात. श्रवणचेतेजवळ सावकाश वाढणारी, कर्करोगाची नसलेली एक गाठ असू शकते आणि ती नाही याची खात्री करावी लागते. ती बहुतेकांच्या बाबतीत निघत नाही. आवाजाबरोबर गरगरणारी चक्कर, चेहऱ्याचा अशक्तपणा, कानातून स्राव किंवा डोक्याला मार ही लक्षणे असली, तरीही थांबू नये.

तपासणीत काय करतात?

आधी दुर्बिणीतून कान पाहतात. मळाचा घट्ट बोळा, पडद्याला पडलेले छिद्र किंवा पडद्यामागे साठलेले पाणी अशी कारणे तिथेच सापडतात आणि ती दूर झाल्यावर आवाजही अनेकदा जातो. मळ काढण्यासाठी कापसाच्या काड्या कानात घालू नयेत, कारण त्यांनी तो आणखी आत ढकलला जातो. आपण घेत असलेल्या औषधांची यादी डॉक्टर विचारतात. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके आणि सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध यांनी होणारे नुकसान कायमचे राहू शकते. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनमुळे येणारा आवाज मात्र औषध थांबवल्यावर बहुधा जातो. तरी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

त्यानंतर श्रवणचाचणी होते. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच करायचे असते. पण कानात आधीच सूर चालू असलेल्या माणसाला ते फार अवघड जाते. माझ्या पहिल्या चाचणीत मी माझ्याच कानातल्या आवाजाला यंत्राचा सूर समजून भराभर बटण दाबत होतो आणि खरा सूर आला तेव्हा हात आखडून बसलो होतो. बसण्यापूर्वीच श्रवणतज्ज्ञांना कानातल्या आवाजाविषयी सांगितले, तर ते अखंड सुराऐवजी तुटक किंवा थरथरता सूर लावतात आणि तो वेगळा ओळखता येतो.

श्रवणचाचणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्रॅम, कसा वाचायचा?

आडव्या रेषेवर सुराची पट्टी असते, डावीकडे जाडा सूर आणि उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर आवाजाची पातळी डेसिबलमध्ये असते आणि खाली जाल तसा आवाज मोठा होतो, म्हणजे खूण जितकी खाली तितके ऐकणे कमी. लाल गोल उजव्या कानाचे आणि निळ्या फुल्या डाव्या कानाच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात 20 डेसिबलपेक्षा कमी पातळीवर ऐकू येणे सामान्य मानले आहे, 20 ते 35 सौम्य, 35 ते 50 मध्यम आणि त्यापुढे 15-15 च्या टप्प्यांनी श्रवणदोष वाढत जातो. आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपासच खड्डा दिसला, तर मोठ्या आवाजांनी झालेल्या नुकसानीची शक्यता असते; वयामुळे ऐकणे कमी झाले असेल, तर रेषा उजवीकडे उतरत जाते. आलेखाची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

मला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. असे का?

अकार, आकार, ओकार हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात. स, श, फ, ख, ठ ही व्यंजने वरच्या पट्टीची आणि दुबळी असतात. वरच्या पट्टीचे ऐकणे आधी जाते, त्यामुळे बोलण्याचा आवाज कानावर पडतो पण त्याचे कंगोरे हरवतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक राहत नाही. ‘काठ’, ‘पाठ’ आणि ‘ताट’ हे तिन्ही जवळजवळ एकच शब्द होतात. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल, तर मेंदू संदर्भावरून रिकाम्या जागा भरतो. चार माणसे एकदम बोलू लागली की ते जमत नाही आणि दिवसभर असे अंदाज बांधत बसल्याने संध्याकाळी जो थकवा येतो, तो इतरांना दिसत नाही.

याला जोडूनच आणखी एक विचित्र अनुभव येतो. हळू बोललेले ऐकू येत नाही म्हणून समोरचा मोठ्याने बोलतो आणि तेच लगेच असह्य वाटते. ‘आधी ऐकू येत नाही म्हणतोस आणि मग ओरडू नका म्हणतोस’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. केसपेशी कमी झाल्यावर बारीक आवाज आणि मोठा आवाज यांच्यातले अंतर आकसते. ऐकू येऊ लागण्याची मर्यादा वर सरकते, सहन होण्याची मर्यादा तिथेच राहते.

हा आवाज बंद करणारे औषध आहे का?

नाही. खास टिनिटससाठी मान्यता मिळालेले एकही औषध आजपर्यंत निघालेले नाही. गिंको बिलोबा, जस्त, मेलाटोनिन यांच्या गोळ्यांची शिफारस करू नये, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. सात दिवसांत आवाज गायब करण्याची हमी देणारी तेले, थेंब आणि गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. झोप न झालेला, घाबरलेला माणूस काहीही विकत घ्यायला तयार असतो. मीही घेतले आहे.

मग उपाय तरी काय?

कारण दूर करता येण्याजोगे असेल, तर ते दूर करायचे. नसेल, तर आवाजाची मनावरची पकड सैल करायची, आणि ती सैल होते. मोजणी केली असता कानातला आवाज बहुधा त्या पट्टीवरच्या ऐकण्याच्या मर्यादेपेक्षा जेमतेम पाच-दहा डेसिबलच वर असल्याचे आढळते. तरीही तो असह्य वाटतो, कारण मेंदूने त्याला धोक्याची सूचना ठरवलेले असते. भीतीमुळे लक्ष तिकडे जाते, लक्ष गेल्यामुळे आवाज मोठा वाटतो आणि मोठा वाटल्यामुळे भीती आणखी वाढते. उपचार हे चक्र तोडण्यासाठी असतात.

सर्वांत भक्कम पुरावा बोधात्मक वर्तनोपचाराच्या बाजूने आहे. यात मानसोपचारतज्ज्ञ आवाजाविषयीच्या ‘माझे आयुष्य संपले’ अशा समजुती तपासायला आणि टाळलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करायला शिकवतात. याने आवाजाची मात्रा घटत नाही, त्रास घटतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले म्हणजे आपले दुखणे खोटे ठरवले, असे कुणी समजू नये.

दुसरा उपाय म्हणजे आजूबाजूला सौम्य आवाज ठेवणे. पावसाचा, वाहत्या पाण्याचा किंवा पंख्याचा आवाज कानातल्या आवाजाला पूर्ण झाकेल इतका मोठा ठेवू नये. दोन्ही ऐकू येतील आणि बाहेरचा किंचित कमी असेल, इतपतच ठेवावा, म्हणजे मेंदूला दोन्हींची सवय होते. ज्यांना श्रवणदोष आहे त्यांच्यासाठी तिसरा उपाय श्रवणयंत्राचा आहे. बाहेरचे खरे आवाज पुन्हा आत येऊ लागले की आतल्या आवाजाचे महत्त्व कमी होते. माझ्या बाबतीत सर्वांत मोठा फरक यानेच पडला. सुधारणा मोजण्यासाठी 25 प्रश्नांची, 0 ते 100 गुण देणारी एक प्रश्नावली वापरतात. ती दर काही महिन्यांनी भरावी, कारण हळूहळू होणारी सुधारणा स्वतःला जाणवत नाही.

रात्री झोपच लागत नाही. काय करावे?

घर शांत झाले की आवाज वाढल्यासारखा वाटतो, कारण त्याला झाकणारे काही उरत नाही. खोलीत वर सांगितल्याप्रमाणे हलका आवाज रात्रभर चालू ठेवावा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. अर्धा तास लोळूनही झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी साधे काम करावे आणि पेंग आल्यावरच परत आडवे व्हावे. अंथरुणात आवाज कसा आहे याची तपासणी करत पडून राहणे हीच झोप उडवणारी सवय आहे.

श्रवणयंत्र कधी घ्यावे आणि त्याची सवय कशी करावी?

रोजच्या बोलण्यात अडचण येऊ लागली की घ्यावे. फार वर्षे थांबल्यास मेंदूला ते आवाज ओळखण्याची सवय मोडते आणि नंतर यंत्राशी जुळवून घेणे जड जाते. दोन्ही कानांना दोष असेल, तर दोन यंत्रे घेतल्याने आवाजाची दिशा कळते आणि गोंगाटात बोलणे वेगळे काढणे सोपे जाते.

पहिल्या दिवशी निराशा होते, हे आधीच माहीत असावे. यंत्र लावून मी बाहेर पडलो, तेव्हा माझ्याच सदऱ्याच्या बाहीची सळसळ, हातातल्या कागदाची चुरचूर आणि चपलेचा प्रत्येक ठोका मला वेगवेगळा ऐकू येत होता आणि नळाचे पाणी काचा फुटल्यासारखे वाजत होते. स्वतःचा आवाज पिंपातून बोलल्यासारखा घुमत होता. हे सगळे आवाज वर्षानुवर्षे आजूबाजूला होतेच, मेंदू ते बाजूला सारायला विसरला होता. तो काही आठवड्यांत पुन्हा शिकतो, मात्र त्यासाठी यंत्र रोज जागेपणी बहुतेक वेळ कानात असावे लागते. फक्त समारंभाला लावले, तर सवय कधीच होत नाही. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा श्रवणतज्ज्ञांकडे जाऊन यंत्राचे सेटिंग बदलून घ्यावे. कानात बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज पडद्यापर्यंत किती पोहोचतो, हे मोजून यंत्र बसवतात का, तेही विचारावे, कारण नुसत्या अंदाजाने बसवलेले यंत्र कपाटात पडून राहते.

निगा फार अवघड नाही. रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे, टोकावरची मळाची जाळी नियमित बदलावी आणि केस धुण्यापूर्वी यंत्र काढावे. छोट्या गोल बॅटरीवरची रंगीत चिकटपट्टी काढल्यावर ती तीन ते पाच मिनिटे उघडी ठेवून मगच आत घालावी. या बॅटऱ्या हवेवर चालतात आणि हवा आत शिरायला तेवढा वेळ लागतो. यंत्र शिट्टी मारत असेल, तर ते नीट बसलेले नसते किंवा कानात मळ साठलेला असतो.

श्रवणयंत्रानेही भागत नसेल तर?

तीव्र श्रवणदोषात कॉक्लियर इम्प्लांटचा विचार करतात. त्यात शस्त्रक्रियेने आतल्या कानात तारा बसवून श्रवणचेतेला थेट विद्युत संदेश देतात. त्यानंतर ऐकायला नव्याने शिकावे लागते आणि त्याला महिने लागतात. अनेकांचा कानातला आवाजही त्याने कमी होतो.

उरलेले ऐकणे कसे जपावे?

85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला 8 तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि दर 3 डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. 88 ला 4 तास, 91 ला 2. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या पातळीचा आहे, असे समजावे आणि कानात आवाज रोखणारे बोळे (इअरप्लग) घालावेत. याचा अतिरेक मात्र करू नये. धास्तीपोटी दिवसभर बोळे घालून बसलेल्या माणसाचा मेंदू संवेदनशीलता आणखी वाढवतो, त्यामुळे साधे आवाजही खुपू लागतात आणि कानातला आवाजही वाढतो.

चहा-कॉफी सोडावी का?

सोडल्याने सर्वांना फायदा होतो, असा पुरावा नाही. स्वतःला फरक जाणवत असेल तरच कमी करावी.

कमी ऐकू येण्याने विस्मरण होते का?

श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे, पण श्रवणदोष असलेल्या प्रत्येकाला तो होतो, असे नाही. 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्रवणयंत्रांमुळे तीन वर्षांत एकंदर गटाच्या बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. मात्र ज्यांना धोका आधीपासून जास्त होता, त्यांच्यात ही घसरण निम्म्याच्या आसपास मंदावली.

खूप निराश वाटते, जगू नये असे वाटते. हे इतरांनाही होते का?

होते, आणि विशेषतः पहिल्या काही महिन्यांत होते. असे विचार येत असतील, तर आजच घरातल्या एका माणसाला आणि डॉक्टरांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे. कानाच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. नैराश्यावर आणि चिंतेवर चांगले उपचार आहेत आणि ते ओसरल्यावर तोच आवाज बराच सुसह्य होतो.

घरच्यांनी काय करावे?

आधी नाव घेऊन हाक मारावी, त्याने वळून पाहिल्यावर बोलायला सुरुवात करावी. चेहऱ्यावर उजेड असावा, तोंडावर हात नसावा. ओरडू नये, कारण ओरडल्याने स्वर फुगतात आणि व्यंजने आणखी दबतात. थोडे सावकाश आणि सुटे बोलावे. एक वाक्य दोनदा कळले नाही, तर तेच तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलावेत. दुसऱ्या खोलीतून काही सांगू नये. पंखा किंवा दूरदर्शन यांपैकी काहीतरी गोंगाट करत असेल, तर बोलताना ते बंद करावे.

‘जाऊ दे, काही विशेष नाही’ हे मात्र कधीही म्हणू नये. सगळे हसत असताना काय झाले म्हणून विचारावे आणि हे उत्तर मिळावे, यासारखे एकटे पाडणारे दुसरे काही नसते. असे चार-पाचदा झाले की माणूस विचारणेच सोडतो आणि मग बैठकीत येणेही सोडतो. विनोद शिळा झाला तरी चालेल, तो पुन्हा सांगावा. ज्याला कमी ऐकू येते त्यानेही कळल्याची नुसती मान हलवू नये. ‘तुम्ही गुरुवार म्हणालात की शुक्रवार?’ असे नेमके विचारले, तर समोरच्याला सगळे पुन्हा सांगावे लागत नाही.

पुन्हा कधी पूर्ण शांतता मिळेल का?

ज्यांचे कारण दूर होते, त्यांना ती मिळते. नव्याने सुरू झालेला आवाज काहींच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआपही विरतो. वर्षानुवर्षे टिकलेला आवाज बहुधा राहतो, पण त्याच्याकडे लक्ष जाणे कमी होत जाते. ही प्रगती सरळ होत नाही. सर्दी, जागरण किंवा काळजी यांनी मधेच तो वर येतो आणि ते कारण ओसरले की पुन्हा मागे सरतो. हे पृष्ठ लिहिताना तो दिवसभर ठळक ऐकू येत राहिला, कारण विषयच त्याचा होता. काल मात्र संध्याकाळी दिवा लावताना तो अचानक ध्यानात आला, आणि सकाळपासून तो एकदाही आठवला नव्हता, हेही तेव्हाच ध्यानात आले.